किराणा दुकानात ग्राहकानं स्वतः स्कॅन करून बिल भरायचं, अशी सोय करायची तर काय लागतं आणि काय बिघडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात राजारामपुरीत साधारण दोन हजार चौरस फुटांचं किराणा सुपर मार्केट, दोन काउंटर, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रांग दारापर्यंत. ग्राहकानं फिरता फिरता मोबाईलवर माल स्कॅन करावा, यूपीआयनं पैसे भरावेत आणि काउंटरला न थांबता बाहेर पडावं. त्यासाठी काय लागेल, आणि खर्च वाचेल का? दुकानांत बिलिंगची यंत्रणा बसवणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खर्चाचं आधी सांगतो. पगाराचा खर्च फारसा वाचत नाही, कारण काउंटरवरून उठवलेला माणूस दारात तपासणीला उभा करावा लागतो. कमी होते ती रांग. ॲप विकणारे लोक बिस्किटाचा पुडा स्कॅन करून दाखवतात आणि आपण खूश होतो, पण स्कॅनिंग हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम आयटम मास्टरमध्ये (बिलिंग सॉफ्टवेअरमधली सगळ्या वस्तूंची, बारकोड आणि भावांची यादी), सुट्या मालाच्या काट्यावर आणि दारात आहे.

एकच बारकोड, दोन एमआरपी

पाकिटावरचा १३ आकडी बारकोड वस्तू कोणती एवढंच सांगतो, किंमत सांगत नाही. (सुरुवातीचे ८९० म्हणजे माल भारतात बनला असंही नाही, तो क्रमांक बारकोडचे आकडे देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेनं दिलाय, एवढाच त्याचा अर्थ.) कंपनी किंमत बदलते, बारकोड तोच ठेवते. मग रॅकवर जुन्या आणि नव्या एमआरपीचे पुडे शेजारी शेजारी बसतात. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा जवळपास प्रत्येक दुकानात हे झालं. काउंटरवर कॅशिअर पाकीट पाहतो आणि पडद्यावरची योग्य बॅच निवडतो. ग्राहकाच्या मोबाईलवर ती निवड कोण करणार?

याला तीन रस्ते आहेत. मालावर तुमचा बॅचचा स्टिकर लावा, पण तो कंपनीच्या बारकोडवरच चिकटवा, नाहीतर निम्मे ग्राहक खालचाच बारकोड स्कॅन करतील. एमआरपी आणि तारीख मात्र झाकू नका. दुसरा रस्ता म्हणजे ॲपनं दोन्ही किमती मोठ्या आकड्यांत दाखवून 'पाकिटावर कोणती छापलीय' असं विचारणं. तिसरा, जुना साठा संपेपर्यंत दोन्ही कमी किमतीनं विकणं. मी फरक पाहून ठरवतो: दोन-पाच रुपयांचा असेल तर कमी किंमत लावून मोकळं व्हा, तेलाचा कॅन किंवा तुपाचा डबा असेल तर स्टिकर लावा. ग्राहकाला विचारायचा रस्ता मला आवडत नाही. घाईत बोट कुठेही पडतं आणि दारात वाद होतो. एक गोष्ट मात्र पक्की ठेवा. छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त रक्कम बिलात लागली तर वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या नियमांत तुम्ही अडकता, म्हणून चूक व्हायचीच असेल तर ती ग्राहकाच्या बाजूनं व्हावी अशी रचना करा.

चार साबणांचा एकत्र पॅक हे दुसरं नेहमीचं दुखणं. वरचं वेष्टन पारदर्शक असलं तर आतल्या एका वडीचा बारकोड दिसतो, तोच स्कॅन होतो आणि चार वड्या एकीच्या भावात जातात. टूथपेस्टबरोबर फुकट आलेल्या ब्रशचं उलटं: त्याच्यावर स्वतःचा बारकोड असला तर फुकटच्या वस्तूचे पैसे लागतात. असे पॅक माल उतरवतानाच बाजूला काढा आणि आतला बारकोड साध्या पांढऱ्या स्टिकरनं झाका.

गावातल्या छोट्या उत्पादकांच्या चटण्या, पापड, शेवया यांवर कधी बारकोड नसतो, तर कधी दुसऱ्याच कुणाचा तरी आकडा छापलेला असतो. मास्टरमध्ये एकच क्रमांक दोन वस्तूंना लागलाय का, याची यादी सॉफ्टवेअरमधून काढा. ती रिकामी होईपर्यंत ग्राहकाच्या हातात स्कॅनिंग देऊ नका.

सुटा माल

कोल्हापुरात महिन्याच्या बाजारातला मोठा हिस्सा सुटा असतो: ज्वारी, इंद्रायणी, डाळी, शेंगदाणे, गूळ. इथे लेबल छापणारा काटा लागतो. काट्याशी तुमचा माणूस वजन करणार, लेबल लावणार, ग्राहक ते लेबल स्कॅन करणार. ग्राहकाला स्वतः वजन करू देण्याची घाई नको. घनसाळच्या जागी साध्या तांदळाचं बटण दाबलं गेलं तर दारातल्या माणसालाही पटकन ओळखू येत नाही.

दुकानांतर्गत वापरासाठी २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक राखीव आहेत. त्यात पहिले दोन आकडे उपसर्ग, पुढचे पाच वस्तूचा क्रमांक, पुढचे पाच ग्रॅममध्ये वजन आणि शेवटचा तपासणी अंक (आधीचे आकडे बरोबर वाचले गेले का, हे त्यावरून कळतं) अशी मांडणी करा. उदाहरणार्थ २१, मग ज्वारीचा क्रमांक ००४१७, मग सव्वा किलोसाठी ०१२५०. विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज १९ येते. सम स्थानांवरची ४, तिची तिप्पट १२. एकूण ३१, पुढच्या दहाच्या पटीला ९ कमी, म्हणून शेवटचा अंक ९. काटा हे स्वतः करतो, पण मांडणी काट्यात एक आणि बिलिंगमध्ये दुसरी भरलेली असते तेव्हा सव्वा किलोचं साडेबारा किलो होतं. म्हणून पहिल्या दिवशी पाच-सहा लेबलं हातानं पडताळून पाहा.

बारकोडमध्ये वजन ठेवावं की रक्कम? मी वजन ठेवतो, कारण साठ्यातून नेमके ग्रॅम वजा होतात. पण मग दिवसा मध्येच भाव बदलायचा नाही. लेबलवर सकाळचा भाव आणि बिलात दुपारचा, हे ग्राहकाला फसवणूकच वाटणार. लक्ष्मीपुरीच्या घाऊक बाजारातून नवा भाव आला तरी तो दुकान बंद झाल्यावर एकदाच चढवा, काट्यात आणि मास्टरमध्ये बरोबरच.

काट्याच्या पट्टीवर 'e' (काट्याचा पडताळणीचा टप्पा) पुढे लिहिलेला आकडा पाहा. तो ५ ग्रॅम असेल तर किमान वजन त्याच्या वीसपट, म्हणजे १०० ग्रॅम. लवंग, वेलदोडे, दालचिनी ५० ग्रॅमनं जातात, ती त्या काट्यावर तोलायची नाहीत. लहान क्षमतेचा वेगळा काटा ठेवा. पिशवीचं वजन वजा करायला विसरू नका, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर बारा महिन्यांनी असते, तो शिक्का चालू ठेवा.

लेबलच्या रुंदीत बरेच जण फसतात. साधा लेबल प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे इंचाला २०३ ठिपक्यांचा असतो, एक ठिपका ०.१२५ मिमी. १३ आकडी बारकोडला दोन्ही कडांच्या मोकळ्या जागेसह ११३ एकक लागतात (सगळ्यात बारीक रेघेची रुंदी म्हणजे एक एकक). एका एककाला दोन ठिपके दिले तर रुंदी २८ मिमी, आणि ती प्रमाण आकाराच्या किमान ८० टक्के मर्यादेखाली जाते. काउंटरचा स्कॅनर ते वाचतो, साध्या मोबाईलचा कॅमेरा चाचपडतो. तीन ठिपके दिले की ४२ मिमी. म्हणून ३८ मिमीचा रोल स्वस्त पडला तरी घेऊ नका, ५० मिमीचा घ्या. कांदा-लसूण मसाल्याच्या पुड्यावर तेल सुटतं आणि लेबल गळून पडतं. पुडा पुसून सपाट बाजूला चिकटवा. बाटलीवर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या याव्यात, म्हणजे गोलाईनं त्या दबत नाहीत.

करातली मेख सांगतो. ग्राहकासमोर तोललेली सुटी ज्वारी करमुक्त आहे. तीच तुम्ही मागच्या खोलीत आधी एक-एक किलोच्या पिशव्यांत भरून लेबल लावून ठेवली तर तो आधीच बांधलेला माल ठरतो. २५ किलोपर्यंतच्या अशा धान्यावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, आणि लेबलवर निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं यावं लागतं. म्हणून सुटी आणि बांधलेली ज्वारी मास्टरमध्ये दोन वेगळे आयटम ठेवा.

नारळ, कोथिंबिरीची पेंडी, दुधाची ओली पिशवी अशा नगावर जाणाऱ्या मालाला लेबल लावत बसू नका. फ्रिजच्या दारावर किंवा टोपलीजवळ एक कार्ड टांगा, ग्राहक ते स्कॅन करून नग टाकेल. गुळाचे एक किलोचे रवे (छोट्या ढेपा) वजनात थोडे कमी-जास्त भरतात, ते मात्र काट्यावरच.

मोबाईल, नेट, पैसे

ॲप की वेब पेज? सुरुवातीला वेब पेज. दारात क्यूआर लावा, ग्राहक तो उघडेल. फोनची मेमरी भरलेल्या माणसाला दुकानात उभं राहून ॲप उतरवायला सांगणं म्हणजे त्याला रांगेत परत पाठवणं. मात्र ब्राउझर कॅमेऱ्याची परवानगी फक्त सुरक्षित, म्हणजे 'एचटीटीपीएस' पत्त्यालाच देतो, आणि आयफोनवर स्कॅनिंगसाठी वेगळी लायब्ररी (तयार कोड) जोडावी लागते, हे बनवणाऱ्याला आधीच विचारा. लोखंडी रॅकच्या मधल्या गल्लीत नेट कमी पडतं. वायफायचा एक जादा पॉइंट दुकानाच्या मध्यावर छताला लावा.

पैशाच्या बाबतीत एकच नियम: ग्राहकाच्या फोनवरचं हिरवं टिकमार्क हा पुरावा नाही. तसा पडदा दाखवणारी बनावट ॲपं फिरतात. बिलाची रक्कम आणि क्रमांक आधीच भरलेला क्यूआर किंवा लिंक जावी, आणि पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून तुमच्या सर्व्हरला खात्री आली की मगच बाहेर पडायचा पास तयार व्हावा. व्यवहार अडकला तर लगेच 'परत भरा' म्हणू नका, आधी स्थिती विचारून घ्या. खात्यातून गेले आणि दुकानाला खात्री पोचलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती रक्कम आपोआप परत जायला हवी. उशीर झाला तर बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. रोखीवाल्यांसाठी आणि महिन्याच्या खात्यावर माल नेणाऱ्यांसाठी ॲपनं फक्त एक क्रमांक द्यावा. काउंटरला तो सांगितला की तयार बिल समोर येतं.

दार

माल कमी पडतो तो इथे. दोन पुडे घेतले, एकच स्कॅन झाला. लेकरानं चॉकलेट टोपलीत टाकलं. पैसे भरायच्या आधी दोन वस्तू यादीतून काढल्या आणि टोपलीत तशाच राहिल्या. यातलं चुकून कुठलं आणि मुद्दाम कुठलं, हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून ओळखायचा प्रयत्नच करू नका. प्रत्येक बिलाला सॉफ्टवेअरनं ठरवलेले तीन ते पाच नग तपासायचे, सगळ्यांचे, ओळखीच्यांचेही. नव्या ग्राहकाची पहिली काही बिलं पूर्ण मोजायची. तूप, सुकामेवा, ब्लेड, बाळाचं दूध पावडर, महाग शॅम्पू यांना निवडीत जास्त प्राधान्य द्या. शेवटच्या मिनिटाला यादीतून वस्तू काढली असेल तर त्या बिलावर खूण उमटावी.

दारात वॉचमन नको, कॅशिअर हवा. त्याच्या हातात स्कॅनर आणि बिल दुरुस्त करायचा अधिकार हवा. जादा लागलेले पैसेही त्यानं तिथेच परत केले, की तपासणीला कुणी नाक मुरडत नाही. घरून आणलेल्या कापडी पिशवीत माल दारापर्यंत भरू देऊ नका. टोपलीतून तपासायचा, मग पिशवीत.

हे मोठ्यांनाही सोपं गेलेलं नाही. अमेरिकेतल्या वेगमन्स या साखळीनं नुकसान होतंय म्हणून आपलं स्कॅनिंग ॲप सप्टेंबर २०२२ मध्ये बंद केलं. ॲमेझॉननंही एप्रिल २०२४ मध्ये, आपल्या फ्रेश दुकानांतली 'उचला आणि चालू लागा' पद्धत काढून स्कॅन करणाऱ्या ट्रॉल्यांवर भर देत असल्याचं सांगितलं. आरएफआयडी चिप (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी) लावा असं कुणी सुचवलं तर कपड्यांच्या दुकानाला ती ठीक आहे. दहा रुपयांच्या पुड्यावर चिपचा खर्च परवडत नाही, आणि तेल-पाण्याच्या बाटल्या, पत्र्याचे डबे ते सिग्नल अडवतात.

तुमच्या जागी मी काय करेन

ग्राहकाच्या हातात देण्याआधी तुमच्याच दुकानात कामाला असलेल्या एका मुलाच्या हातात स्कॅनर देईन. गर्दीच्या वेळी त्यानं रांगेत उभ्या लोकांच्या टोपल्या स्कॅन करायच्या, क्रमांकाची चिठ्ठी द्यायची. काउंटरवर फक्त पैसे. रांग तेवढ्यानंच बरीच सरकते, दारात वेगळा माणूस लागत नाही, आणि मास्टरमधल्या चुका ग्राहकासमोर नाही तर तुमच्या माणसासमोर उघड्या पडतात. 'सापडत नाही' आणि 'भाव चुकला' अशी रोजची यादी काढा. ती दिवसाला दोन-चारवर आली की नेहमीच्या ग्राहकांतल्या वीस-पंचवीस जणांना मोबाईलची सोय द्या. सुरुवात महिन्याच्या पंधरा तारखेनंतर, आणि गौरी-गणपती, दिवाळी टाळून. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि फायबर तुटली तर चालेल असं मोबाईल सिमचं दुसरं नेट जोडून ठेवा.

मोबाईल नंबरची सक्ती करू नका. नंबर दिल्याशिवाय बिल नाही, असं ग्राहकाला म्हणू नका अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना दिली आहे. नंबर नसला तरी बिलाचा क्यूआर दाखवून बाहेर पडता येईल, असंच बनवून घ्या.