कैरोहून एका दिवसात अलेक्झांड्रिया: प्रायव्हेट गाइड घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की कैरोत चार दिवस आहात, सोबत साठीच्या पुढचे आई-बाबा, बाबांना इतिहासाचं वेड, आईंचे गुडघे दुखतात आणि त्या शाकाहारी, तर एक दिवस अलेक्झांड्रियासाठी काढून प्रायव्हेट गाडी आणि गाइड करावा की रामसेस स्टेशनवरून ट्रेन पकडून आपलं आपण फिरून यावं, पैसे वसूल होतात का.

माझं उत्तर, गाइड घ्याच. आणि बजेट कमी पडत असेल तर गाडी साधी घ्या पण गाइड चांगला घ्या.

कारण सांगते. गिझाला पिरॅमिड डोळ्यांसमोर उभा असतो, कोणी काही सांगितलं नाही तरी माणूस थक्क होतो. अलेक्झांड्रियात तसं नाही. हे शहर अलेक्झांडरने इ.स.पू. ३३१ मध्ये वसवलं, त्याच्यानंतर इजिप्तवर राज्य केलेल्या ग्रीक टॉलेमी घराण्याची राजधानी, क्लिओपात्रा इथलीच, जगातलं सगळ्यात नावाजलेलं ग्रंथालय इथलं, सात आश्चर्यांमधलं दीपगृह इथलं, आणि तुम्ही गाडीतून उतरता तेव्हा यातलं काहीच दिसत नाही! दिसतं ते पन्नास-साठ लाखांच्या वस्तीचं गजबजलेलं शहर, ट्राम, हॉर्न, वाळत घातलेले कपडे आणि समुद्राकाठचा लांबलचक रस्ता. जुनं शहर आजच्या शहराच्या पायाखाली आहे, राजवाड्यांचा भाग भूकंपांनी आणि जमीन खचून समुद्रात गेलाय, आणि जे उरलं त्याचे दगड लोकांनी दुसरीकडे बांधकामाला वापरले. त्यामुळे इथे बोट दाखवून सांगणारं माणूस सोबत नसेल तर तुम्ही किल्ला बघून, मासे खाऊन, फोटो काढून परत याल आणि बाबा म्हणतील एवढ्यासाठी तीन-तीन तास गाडीत बसलो का.

अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर आहे, डेझर्ट रोडने अडीच ते तीन तास एका बाजूचे. सकाळी साडेसहा-सातला हॉटेल सोडा, त्यानंतर निघालात तर कैरोच्या ट्रॅफिकमध्येच तास जातो.

आता काय बघायचं. एजन्सीवाले पाच-सहा ठिकाणांची यादी देतात, त्यात मोंताझाच्या बागा असतात, स्टॅनली ब्रिज असतो, परफ्यूमचं दुकान असतं. ते सगळं काढून टाकायला सांगा. बागा छान आहेत पण त्या शहराच्या पूर्व टोकाला आहेत, जाण्यायेण्यातच वेळ जातो, आणि बाग बघायला कोणी अलेक्झांड्रियाला जात नाही.

पहिलं ठिकाण कोम अल-शुकाफा, म्हणजे तिथली भूमिगत दफनगृहं. सकाळी आधी इथेच जा, गर्दी कमी असते आणि आईबाबांचे पाय ताजे असतात, कारण एका खोल विहिरीसारख्या शाफ्टभोवती गोल फिरत जाणारा ९९ पायऱ्यांचा जिना उतरायचा असतो. मधल्या शाफ्टमधून मृतदेह दोराने खाली सोडायचे. १९०० साली एका गाढवाचा पाय खचला आणि ते आत पडलं तेव्हा ही जागा सापडली असं सांगतात. काळ साधारण इसवी सनाचं दुसरं शतक, म्हणजे इजिप्त रोमन लोकांच्या ताब्यात होता तेव्हाचा. खडकात कोरलेले तीन मजले आहेत, सगळ्यात खालच्यात पाणी भरायचं म्हणून २०१९ च्या सुमारास पंप बसवून भूजलाची पातळी खाली आणली.

आता गाइड का हवा ते इथे कळतं. आमची गाइड एक तरुण मुलगी होती, अर्किऑलॉजी शिकलेली. मुख्य कबरीच्या दारापाशी तिने आम्हाला थांबवलं आणि नुसतं म्हणाली, आधी बघा, मग मी बोलते. आम्हाला दिसले कोरलेले साप आणि कुत्र्याच्या तोंडाचा देव, इजिप्तमध्ये सगळीकडे असतात तसे. मग तिने टॉर्च फिरवला. सापाच्या डोक्यावर फेरोचा दुहेरी मुकुट आहे, त्याच्या वरती ढालीवर ग्रीक मेड्युसाचं, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीचं डोकं आहे, आणि आत वळून बघितलं तर तो कुत्र्याच्या तोंडाचा अनुबिस चक्क रोमन सैनिकाच्या वेषात उभा, चिलखत, तलवार सगळं! दाराजवळच्या पुरुषाच्या आणि बाईच्या पुतळ्यांची शरीरं इजिप्शियन पद्धतीने ताठ, एक पाय पुढे, पण चेहरे आणि केस रोमन धाटणीचे. तीन संस्कृती एकाच खोलीत, आणि ज्यांनी हे कोरून घेतलं त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नसणार. मग तिने शवपेटीचं झाकण दाखवलं, ते उघडतच नाही, पेटी आणि झाकण एकाच खडकातलं आहे, देह मागच्या बोळातून आत सरकवायचे. हे मी एकटी गेले असते तर जन्मात लक्षात आलं नसतं.

तिथेच एक खोली आहे, तीन बाजूंना दगडी ओटे, मधे मोकळी जागा. गेलेल्या माणसाच्या आठवणीत नातेवाईक इथे येऊन जेवायचे. आपल्याकडच्या श्राद्धाच्या पंगतीसारखं म्हणा ना. तुमच्या आईंना हे फार आवडेल, फक्त गुडघे फार दुखत असतील तर त्यांना जबरदस्ती करू नका, वर आवारात सावलीत बसता येतं आणि तिथेही कोरीव दगडी शवपेट्या मांडून ठेवल्यात. उतरणं जमतं, चढताना दम लागतो.

तिथून दहा मिनिटांवर पॉम्पीचा खांब. याला अर्धा-पाऊण तास पुरे. अस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा खांब, मुख्य दांडा एकसंध दगडाचा आणि वीस मीटरहून उंच, पायथा धरून सगळा मिळून सत्तावीसच्या आसपास. पॉम्पी या रोमन सेनापतीशी याचा काही संबंध नाही, तो इ.स. ३०० च्या सुमारास सम्राट डायोक्लिशियनच्या सन्मानार्थ उभारलाय. पण खरी गोष्ट खांबाची नाही, खांब ज्या टेकाडावर आहे त्याची. तिथे सेरापिस या ग्रीक-इजिप्शियन देवाचं प्रचंड मंदिर होतं, मुख्य ग्रंथालयाची शाखाही तिथे होती, आणि इ.स. ३९१ मध्ये ते उद्ध्वस्त केलं गेलं. आज नुसतं उघडं माळरान वाटतं, दोन स्फिंक्स आणि खाली कोरलेले बोगदे.

याच जागेवरून मी तुम्हाला गाइड पारखायची युक्ती सांगते. बुक करण्याआधी व्हॉट्सअॅपवर गाइडशी थेट बोलायला मागा आणि विचारा की जुनं ग्रंथालय कोणी जाळलं. एका वाक्यात सीझरने किंवा अरबांनी असं उत्तर आलं तर दुसरा गाइड बघा. जाणकार माणूस सांगेल की एका रात्रीत असं काही झालंच नाही, इ.स.पू. ४८ मध्ये सीझरच्या लढाईत बंदराला आग लागली त्यात काही पुस्तकं गेली असावीत, मग राजाश्रय आटत गेला, इ.स. २७० च्या दशकात रोमन सम्राट ऑरेलियनच्या लढाईत राजवाड्यांचा भाग उद्ध्वस्त झाला, ३९१ मध्ये सेरापिसचं मंदिर गेलं, आणि खलिफा उमरने पुस्तकं जाळायला सांगितली ही गोष्ट अरबांनी शहर घेतल्यावर पाच-साडेपाचशे वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकांत पहिल्यांदा येते. एवढं ज्याला सांगता येतं तो दिवसभर तुमच्या बाबांच्या प्रश्नांना पुरून उरेल. गाइडकडे पर्यटन खात्याचं लायसन्स असतं, तेही विचारा, कारण काही वेळा इंग्लिश बोलणारा ड्रायव्हर एवढंच प्रायव्हेट टूर म्हणून विकतात आणि तो गेटवर तुम्हाला सोडून गाडीत बसतो.

मग ग्रीको-रोमन म्युझियम. हे २००५ पासून बंद होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये परत उघडलं, त्यामुळे जुन्या ब्लॉगांमध्ये याचं नावच सापडणार नाही. इथे दोन तास तरी ठेवा. काळ्या दगडाचा एपिस, म्हणजे इजिप्शियनांचा पवित्र बैल बघा, रोमन सम्राट हेड्रियनच्या काळचा, त्याच सेरापिसच्या मंदिरात सापडलेला, म्हणजे सकाळी जे माळरान बघितलं त्यात काय होतं ते आता समोर उभं राहतं (म्हणून म्हणते खांब आधी आणि म्युझियम नंतर, उलटं करू नका). तनाग्रा नावाच्या भाजक्या मातीच्या छोट्या बायका बघा, पदर घेतल्यासारखं वस्त्र अंगाभोवती लपेटलेल्या, रंग अजून कुठे कुठे शिल्लक आहे.

आणि बाबांसाठी एक खास. मी कोल्हापूरची, आमच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, ती ब्रह्मपुरीच्या उत्खननात १९४० च्या दशकात सापडली. मी फोनवर तिचा फोटो आमच्या गाइडला दाखवला तर ती मुलगी तिथेच हॉलमध्ये बसली आणि झूम करून करून बघत राहिली, पाय कसा ठेवलाय, हात कुठे उचललाय. मग तिने आम्हाला भिंतीवरच्या नकाशावर रस्ता दाखवला. माल अलेक्झांड्रियाहून नाईलने वर कोप्टोस या गावापर्यंत, तिथून उंटांवर वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या बंदरांत, आणि तिथून मोसमी वाऱ्यावर थेट आपला पश्चिम किनारा. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच, कल्याण, चौल, आणि आत पैठण नि तेर, सगळी नावं येतात. इथली दारू, काच, ब्राँझ आपल्याकडे आणि आपल्याकडचं कापड, मिरी, हस्तिदंत इकडे. तुमचे बाबा सातवाहनांबद्दल वाचत असतील तर त्यांना सांगा, नाणेघाटातून जो माल खाली उतरायचा त्यातला बराचसा शेवटी या शहराच्या बंदरात येत होता. हे कळल्यावर अलेक्झांड्रिया परकं वाटत नाही.

जेवण. मासे खात असाल तर समुद्राकाठी दुकानात बर्फावरचा मासा निवडायचा, वजन करून भाव आधी ठरवायचा, तळून की भाजून ते सांगायचं, सोबत सयादिया म्हणजे कांदा परतून केलेला तपकिरी भात येतो. आईंची अजिबात काळजी करू नका, फूल म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या बिया, वर तेल-लिंबू-जिरं, तामिया म्हणजे त्याच बियांचे वडे, ताहिनी, भाजलेल्या वांग्याचं बाबा गनूश, गरम बलदी रोटी, पोट भरतं आणि स्वस्त पण आहे. पॅकेजमध्ये लंच इन्क्लुडेड असेल तर बुफे न देता अशा ठिकाणी न्या असं आधीच सांगून ठेवा.

दुपारी कायतबायचा किल्ला. १४७७ ते १४७९ मध्ये सुलतान कायतबायने बांधला, नेमका जिथे दीपगृह होतं तिथे. ते दीपगृह इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं, शंभर मीटरहून उंच, चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी ते पार मोडकळीला आणलं. आतल्या खोल्यांमध्ये फारसं काही नाही, जिने मात्र बरेच आहेत, आईंना बाहेरच्या तटावर बसवा. दाराशी भिंतीत घातलेले लाल ग्रॅनाइटचे खांब दाखवायला सांगा, ते दीपगृहाचेच असावेत असं मानतात. १९९४ पासून फ्रेंच संशोधकांनी किल्ल्यालगतच्या पाण्यात बुड्या मारून हजारो दगड आणि पुतळ्यांचे तुकडे नोंदवले, त्यातलाच टॉलेमीचा एक अवाढव्य पुतळा आता नव्या ग्रंथालयासमोर उभा आहे. तो शेवटी बघाच.

नवं ग्रंथालय, बिब्लिओथेका अलेक्झांड्रिना, २००२ मध्ये उघडलं, स्नोहेटा या नॉर्वेच्या फर्मचं डिझाइन. समुद्राकडे कललेली १६० मीटर व्यासाची तबकडी, बाहेरच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगभरच्या लिप्यांमधली अक्षरं कोरलीत, आत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारा वाचन हॉल आणि छतातून येणारा उजेड. आत त्यांचेच लोक इंग्लिशमध्ये टूर देतात, बॅगा बाहेर ठेवाव्या लागतात. मला हे सगळ्यात जास्त कशासाठी आवडलं तर तिथे खरंच कॉलेजची मुलं अभ्यास करत बसलेली असतात.

पैशांचं. कोटेशनमध्ये काय काय आलं ते लिहून घ्या, टोल, पार्किंग, गाइड, तिकिटं, जेवण. तिकिटं बहुतेक वेळा वेगळी असतात आणि बऱ्याच ठिकाणी खिडकीवर कॅश घेत नाहीत, कार्ड लागतं, तेव्हा आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड ठेवा. "शॉपिंग स्टॉप नको" हे मेसेजमध्ये स्पष्ट लिहा. गाइड आणि ड्रायव्हरला टीप द्यायची पद्धत आहे, दोघांना वेगवेगळी द्या. तुम्ही नुसती तरुण मंडळी असता तर मी ट्रेन सुचवली असती, ट्रेन चांगली आहे, पण आईबाबांना घेऊन तिथे उतरल्यावर प्रत्येक ठिकाणी टॅक्सीशी घासाघीस करण्यात अर्धा दिवस जातो.

दिवस निवडताना शुक्रवार टाळा, ग्रंथालयाच्या वेळा शुक्रवार-शनिवारी वेगळ्या असतात, आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. गुरुवारही नको, तिथे वीकेंड शुक्रवार-शनिवार असतो, गुरुवारी संध्याकाळी रस्ते भरून जातात. रविवार ते बुधवार यातला कुठलाही चालेल. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर कैरोत ऊन असलं तरी अलेक्झांड्रियात पाऊस आणि बोचरा वारा असू शकतो, आईबाबांचे जॅकेट आणि कानटोप्या गाडीतच ठेवा.