कापूस खरेदीच्या ॲपसाठी स्टॅक निवडताना

भाऊ, कापूस खरेदीच्या ॲपला स्टॅक, म्हणजे भाषा, डेटाबेस आणि सर्व्हरचा संच, कोणता घेऊ असं विचारलंस. मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे ॲपचे अनेक छोटे स्वतंत्र भाग करणं, आत्ता डोक्यातून काढ. पायथन येतं ना, मग जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि 2 जीबी रॅमचा एक सर्व्हर सुरुवातीला पुरे. नवी भाषा शिकत बसलास तर हंगाम निघून जाईल.

खरी गोम रेंजची. गावातल्या काट्यावर नेट जातंच. म्हणून प्रत्येक नोंद आधी फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जाऊ दे, तिचा यूयूआयडी (प्रत्येक नोंदीचा वेगळा ओळख क्रमांक) फोनवरच तयार कर आणि सर्व्हरवर त्या कॉलमला युनिक लाव, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेतला जाणार नाही. नाहीतर नोंद पोचते, उत्तर वाटेत हरवतं, ॲप तीच नोंद पुन्हा पाठवतं आणि एका बंडीचा चुकारा दोनदा निघतो.

वजन, भाव फ्लोट या अंदाजे दशांश साठवणाऱ्या प्रकारात कधीच नको, 0.1 अधिक 0.2 तिथं 0.30000000000000004 होतं. अचूक दशांश ठेवणारा न्यूमेरिक प्रकार घे. रोज रात्री पीजी-डंपने पोस्टग्रेसचा बॅकअप, तोही दुसऱ्या मशीनवर, आणि महिन्यातून एकदा तो रिस्टोअर करून बघच.