अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार) मेसालामाइन हे सूज कमी करणारं औषध चालू आहे. सोबत हळद घेतल्याने आतड्याची सूज कमी होईल का?

हळदीतल्या कर्क्युमिन या पॉलिफेनॉलने (वनस्पतींत आढळणाऱ्या एका प्रकारच्या रसायनाने) काही रुग्णांना फायदा होतो, पण तो चालू औषधाच्या जोडीने आणि मोठ्या मात्रेत. हळदीच्या दुधाने तेवढं साधत नाही. सूज वाढवणारे टीएनएफ-अल्फासारखे संदेश पेशीत तयार व्हायला लागतात ते एनएफ-कप्पा-बी नावाच्या प्रथिनामुळे, आणि पेशींवरच्या व प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्क्युमिन त्यालाच आवर घालतं. ते रक्तात फारसं शोषलं जात नाही. एरवी हा दोषच, पण इथे सोयीचा, कारण बरंचसं थेट मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतं. 2006 साली जपानमध्ये आजार शांत असलेल्या 89 रुग्णांची चाचणी झाली. नेहमीच्या औषधासोबत रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांमध्ये सहा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे 5 टक्के होतं, न घेणाऱ्यांमध्ये सुमारे 20. उलट दिल्लीच्या एम्समध्ये रोज फक्त 450 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा फरक दिसला नाही. आता स्वयंपाकघरातला हिशेब बघा: हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत जेमतेम 100 मिलिग्रॅम. म्हणून कॅप्सूल लागतात, आणि त्या पोटविकारतज्ज्ञांना विचारूनच घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताचे खडे असतील तर आधी सांगा. शोषण वाढावं म्हणून मिरीतलं पिपरिन घातलेल्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्या टाळलेल्या बऱ्या. आणि बरं वाटलं तरी मेसालामाइन स्वतःहून बंद करू नका.