भात कापल्यावर वाटाणा पेरण्याआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

भात कापून झाल्यावर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या शेतात यंदा हिरवा वाटाणा घेण्याचा विचार असल्याचे तू कळवलेस. शेंगेचा बाजारभाव पाहून तो सुचला असावा; परंतु भावाचा हिशेब मांडण्यापूर्वी हे झाड काय मागते ते जाणून घे, कारण आपल्याकडची मुख्य अडचण जमिनीची नसून हवेची आहे.

वाटाणा हे थंड हवेचे पीक. साधारण १३ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात तो उत्तम वाढतो. फुलोऱ्याच्या काळात मात्र दुपारचे तापमान तिशीपलीकडे राहू लागले की फुले आणि कोवळ्या शेंगा गळतात, आणि ज्या टिकतात त्यांत दाणा नीट भरत नाही. पणजीत जानेवारीतही दुपारी पारा ३१-३२ अंशांपर्यंत चढतो. सत्तरीतल्या पहाटे त्या मानाने गार असतात खऱ्या, पण झाडाला दुपारही काढावी लागते. आपल्या बाजारात हिरवी शेंग घाटावरून येते, त्याचे कारण हेच.

तेव्हा सगळ्या शेतात वाटाणा पेरू नकोस. नोव्हेंबरच्या अखेरीस एखाद-दुसरा वाफा कर, अर्केलसारखी लवकर येणारी जात घे, आणि जोडीला उष्णता सोसणारी एखादी नवी जात मिळाली तर तीही लावून पाहा. अर्केलचे बी सुरकुतलेले दिसेल म्हणून ते खराब समजू नकोस. पिष्ट कमी आणि साखर अधिक असल्यामुळेच तो दाणा वाळताना आक्रसतो, आणि गोड लागतो तो त्याच गुणाने. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल यांनी आनुवंशिकतेचे नियम ज्या लक्षणांवरून मांडले, त्यांत गोल आणि सुरकुतलेला दाणा हीच जोडी होती. त्यांचा प्रबंध १८६६ साली छापला गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यातली उपयोगाची गोष्ट अशी, की वाटाण्याचे फूल उमलण्यापूर्वीच त्यात स्वपरागण होऊन जाते, त्यामुळे चांगल्या झाडाचे बी राखून ठेवले तर पुढच्या वर्षी बहुधा त्याच गुणांचे पीक येते. संकरित बियाण्याच्या बाबतीत ही सोय नाही. गोड दाणा ओल धरल्यास लवकर कुजतो, म्हणून पेरल्यावर वाफ्यात पाणी साचू देऊ नकोस.

माती तपासून घे. आपली जांभ्याची जमीन सहसा आम्लधर्मी असते आणि वाटाण्याला उदासीनतेच्या जवळची, म्हणजे फारशी आम्लही नाही आणि अल्कधर्मीही नाही अशी, माती मानवते. गरज निघाल्यास पेरणीच्या बऱ्याच आधी चुना घालावा लागेल. वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतील नत्र स्थिर करणारे जिवाणू राहतात, पण अळसांद्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या चवळीच्या, मुळांवर राहणारे जिवाणू वेगळे, त्यामुळे वर्षानुवर्षे अळसांदे पिकलेल्या शेतात वाटाण्याचे जिवाणू असतीलच असे नाही. म्हणून पेरण्याआधी बियाला वाटाण्यासाठीच्या रायझोबियमची, म्हणजे याच नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंची, प्रक्रिया कर. पुढे एखादे रोप उपटून गाठ चिरून पाहा. आतून गुलाबी असेल तर काम सुरू आहे.

उरलेल्या शेतात अळसांदेच घे. भातानंतरच्या ओलीवर ते निभावतात, आपली हवा त्यांना मानवते आणि घरोघरी त्यांचे टोणाक, म्हणजे मसालेदार रस्सा, होतेच.

हिरव्या शेंगेचे पीक साधले नाही म्हणून वाटाणा आपल्या ताटातून जात नाही. पाव-भाजीच्या हॉटेलातली आपली पातळ भाजी पांढऱ्या सुक्या वाटाण्याची, आणि पोषणाच्या दृष्टीने ती मुळीच कमी प्रतीची नाही: प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांपैकी भातात कमी असलेले लायसिन वाटाणा पुरवतो, वाटाण्यात कमी असलेले मेथिओनिन भात. तुझ्या वाफ्यातल्या शेंगा मात्र सकाळी खुडून त्याच दिवशी शिजव, कारण तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचे पिष्ट होऊ लागते आणि दोन दिवसांत गोडी उतरते. फेब्रुवारीत ऊन चढून शेंगा धरेनाशा झाल्या, तर वेलांचे कोवळे शेंडे खुडून त्यांची भाजी करावी. ते खाण्याजोगे असतात.

मातीचा अहवाल आला की कळव, चुन्याचे प्रमाण त्यावरून ठरवू.

तुझा हितचिंतक