वाचकांचे प्रश्न : गाव आमचे की महापालिकेचे?

प्रश्न : डोंबिवली पूर्वेला नांदिवली भागात आमची सदनिका आहे. मालमत्ता कर महापालिका घेते, मात्र खरेदीखतात ‘मौजे नांदिवली’ असे लिहिले आहे. हे कसे?

उत्तर : ‘मौजे’ हा महसुली शब्द आहे. महापालिकेची हद्द सरकली, तरी सातबारावरील गावाचे नाव त्यामुळे पुसले जात नाही. आपल्या भागात तर ही हद्द वारंवार सरकली आहे. १९८३ मध्ये कल्याण महापालिका स्थापन झाली, तेव्हा डोंबिवलीबरोबर अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालची गावेही तिच्यात घेण्यात आली; पुढे १९९२ मध्ये अंबरनाथ व बदलापूर बाहेर पडले आणि २००२ मध्ये, ग्रामस्थांच्या दीर्घ विरोधानंतर, सत्तावीस गावेही वगळली गेली. तेथे पुन्हा ग्रामपंचायतींचा कारभार सुरू झाला आणि त्याच काळात भातशेतीच्या जागी सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या. (पाणी आणि गटारे मात्र त्या वेगाने आली नाहीत, हे आपण अनुभवले असेलच.) २०१५ मध्ये ही गावे पुन्हा महापालिकेत आली. २०२० मध्ये त्यांतील अठरा गावे वगळण्याचा निर्णय शासनाने घेतला, पण तो उच्च न्यायालयात टिकला नाही.

खरेदीखत मात्र नीट पाहावे : येथे ‘नांदिवली पंचानंद’ आणि ‘नांदिवली तर्फे अंबरनाथ’ अशी दोन वेगळी गावे आहेत. सर्व्हे क्रमांकासोबत गावाचे पूर्ण नाव जुळवूनच सातबारा काढावा.