बुडीत गावाचं दप्तर ‘आढळून येत नाही’ तेव्हा

ताई, कोयना धरणात बुडालेल्या तुमच्या आजोळच्या गावाची माहिती जमवताय आणि कचेरीतून ‘सदर गावाचे अभिलेख आढळून येत नाहीत’ असं लेखी आलंय, हे वाचलं. आमच्या गावाच्या वेळी हाच कागद, हीच भाषा. सातबारा, फेरफार मागून झाले असतीलच, त्यात शिरत नाही.

आम्हाला ज्या कचेरीने सर्वात जास्त रखडवलं तिचं नाव घेत नाही. तिथल्या बाबूचं म्हणणं, ‘गावच राहिलं नाही, तर दप्तर कुठून राहणार?’ आणि शेजारच्याच टेबलावर प्रकल्पग्रस्त दाखल्यांचे अर्ज घेणं चालू! दाखला देताना कुणाची किती जमीन गेली हे कशावरून बघता, असं विचारलं तर साहेब मीटिंगला. मग पुनर्वसनवाले भूसंपादनाकडे पाठवणार, भूसंपादनवाले रेकॉर्ड रूमकडे, आणि रेकॉर्ड रूमवाला परत पुनर्वसनाकडे. कोयनेच्या वेळी राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, पहिला आला तो १९७६ साली. त्यामुळे पुनर्वसन शाखेत आपलं जुनं काही नीट लावलेलं सापडेल ही आशा मुळातच कमी ठेवा. शेवटी भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे कुणाची कोणती मालमत्ता घेतली आणि तिचं मोल किती हे ठरवणारा आदेश, मिळाला, पण त्यातली नावं वाचून दाखवल्यावर ‘हा अमक्याचा चुलता, वरच्या आळीतला’ असं सांगणारी म्हातारी माणसं तोवर गेली होती. आजही आमच्या यादीत कितीतरी नावं नुसतीच नावं आहेत. म्हणून कागदाची वाट बघत थांबू नका, ज्यांना आठवतं त्यांच्याकडे आधी जा.

मागायचं ते भूसंपादनाचा निवाडा आणि सोबतचा मोजणी नकाशा. अर्जात ‘गावाचा इतिहास’ हे शब्द चुकूनही घालू नका, तो विषय कुठल्याच टेबलाचा नसतो. आमच्या निवाड्यात सर्व्हे नंबरनिहाय खातेदार तर होतेच, शिवाय घरं, विहिरी, आंबा-फणस-हिरड्याची झाडंसुद्धा मोलासकट मांडलेली होती. नकाशा पुढ्यात पसरून बसलात की म्हातारी माणसं आपणहून बोलायला लागतात. नुसतं ‘गावाबद्दल सांगा’ म्हटलं तर ‘काय सांगायचं, सगळं गेलं’ एवढंच ऐकायला मिळतं.

मी वकील नाही, नियम एकदा तपासून घ्या. पण माहिती अधिकारात आधी नकला मागू नका, अभिलेख पाहायला मागा. गठ्ठा उघडला की तुम्हाला ठाऊक नसलेले कागदही दिसतात. कागद दुसऱ्या कचेरीत असेल तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज त्यांनीच पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. पाठवत नाहीत, पण अपिलात हा मुद्दा चालतो. ‘नष्ट केले’ म्हणाले तर नाश यादीची, म्हणजे नष्ट केलेल्या कागदांच्या यादीची, नक्कल मागा. आमच्याकडे एवढं विचारल्यावर नष्ट झालेलं बाड पुन्हा जिवंत झालं.

आणखी एक गोष्ट. १९४९ ते १९६० या काळात सातारा जिल्हा कागदोपत्री ‘उत्तर सातारा’ होता. १९५१ च्या जनगणनेचं जिल्हा हँडबुक याच नावाने आहे, गावांची यादी त्यात बघा. जुनी यादी ‘सातारा’ या नावाखाली शोधून ‘नाही’ म्हणणारे कारकून मी पाहिलेत.

निवाड्यावर सगळा भार टाकू नका, हे मात्र माझं ठाम मत. त्यात ज्यांची मालमत्ता गेली ते दिसतात. भूमिहीन, दुसऱ्याच्या रानात राबणारे, गावकुसाबाहेरचे त्यात जवळपास नसतातच, आणि मग पाटील-देशमुखांच्या वंशावळीलाच गावाचा इतिहास म्हणायची पाळी येते. या सुटलेल्या माणसांसाठी गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि लोकल बोर्डाच्या (त्या काळच्या स्थानिक मंडळाच्या) शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल्याची वही, बघा. कोतवाल बुकं बऱ्याच ठिकाणी मोडी लिपीत आहेत. अलीकडे कुणबी नोंदी शोधताना अनेक जिल्ह्यांनी ती स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली आहेत, त्यामुळे आधी तिथे चाळा, खेटे वाचतील. बायकांची नावं मात्र यातल्या कशातही धड मिळत नाहीत. ती जात्यावरच्या ओव्यांत आणि माहेरवाशिणींच्या तोंडीच मिळतील. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावाच्या नावावरून पूर्वज सापडू शकतात, पण जाताना मूळ गावाचं नाव सांगा, पुनर्वसनाच्या वसाहतीचं नाही.

घरातल्या जुन्या कागदांना कृपा करून लॅमिनेशन करू नका. कुणी ‘टिकतील’ म्हणून फुकट करून देतो म्हटलं तरी नाही. उष्णतेने चिकटलेलं ते प्लास्टिक पुढे कागद खराब न करता निघत नाही. फोटो काढा, कागद सपाट ठेवा, पिना काढा, बस.

मे महिन्यात पाणी उतरल्यावर जोती, देवळाचे दगड उघडे पडतात. जायचं ठरलं तर तुमच्या गावची जागा कोयना अभयारण्याच्या हद्दीत येते का ते आधी वनखात्याकडे विचारा आणि परवानगी लेखी घ्या. लाँचवाल्याच्या ‘चालतंय की’वर जाऊ नका.