‘मध्ययुगीन’ ही शिवी नव्हे!

कालिन्याला इतिहासात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: ‘मध्ययुगीन’ लिहावं की ‘मध्यकालीन’? आणि ‘मध्ययुगीन’चा अर्थ ‘मागासलेला’ असा होतो का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दोन्ही चालतात, अर्थ एकच; एका लेखात एकच वापरा म्हणजे झालं. दुसऱ्याचं उत्तर: नाही, होत नाही. हा वापर ऐकून ऐकून कान किटले आहेत. कुठे जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं, की संध्याकाळच्या चर्चेत चारही पाहुणे एकसुरात म्हणणार, ‘ही मध्ययुगीन मानसिकता!’ अहो, ज्ञानेश्वरी १२९० सालची. नामदेव, जनाबाई, चोखामेळा हे सगळे त्याच काळातले. विटाळाच्या कल्पनेला चोखोबांनी जे खडे सवाल केले, ते मध्ययुगातच केले. आजच्या माणसाचा दुष्टपणा आजच्या माणसाच्याच नावावर मांडा.

शब्दात तिरस्कार आला तो युरोपातून. १४व्या शतकात पेत्रार्क या इटालियन कवीने रोमच्या पडझडीनंतरचा काळ अंधाराचा ठरवला आणि १७व्या शतकाच्या अखेरीस सेलारियस या जर्मन विद्वानाने प्राचीन, मध्य, अर्वाचीन अशी वाटणी पाठ्यपुस्तकांत रुळवली. आपण शब्द उचलला आणि त्याच्याबरोबर हेटाळणीही उचलली. पण विद्यापीठ नावाची युरोपीय संस्था त्याच ‘अंधारात’ जन्मली. पदवीदानाला चढवतात तो झगा तिथला. फोर्टातलं दीक्षान्त सभागृह आणि सीएसएमटीची इमारत बांधताना १९व्या शतकातल्या वास्तुविशारदांनी नमुना घेतला तोही मध्ययुगीन गॉथिक शैलीचाच.

ते असो. मला खरं बोलायचंय ते ‘वाकनीस’ या शब्दाबद्दल.

दादरला, पार्ल्याला जुन्या इमारतीच्या जिन्याखालचा नावांचा फलक वाचा: चिटणीस, पोतनीस, पारसनीस, कारखानीस, जमेनीस, सबनीस. यातला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. मग वाकनीस काय लिहितो? काही हौशी मंडळी इथे संस्कृत ‘वाक्’ म्हणजे वाणी काढतात. साफ चूक. मूळ शब्द ‘वाकिआनवीस’. अरबी ‘वाकिआ’ म्हणजे घडलेली गोष्ट, घटना. हिंदीतला ‘वाकया’ तोच. मुघलांच्या सुभ्यासुभ्यांत वाकिआनवीस असत आणि तिथल्या घडामोडी लिहून दरबारी पाठवत. या ‘वाकिआ’चा सख्खा भाऊ म्हणजे ‘मौका’, घटना घडते ती जागा किंवा वेळ. त्याचा मराठीत ‘मोका’ झाला. मुंबईतला दलाल ‘मोक्याची जागा आहे, साहेब’ म्हणतो तेव्हा तो वाकनिसाच्याच घराण्यातला शब्द बोलत असतो!

आता पुढची गंमत. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी फारसी पदनामं बदलून संस्कृत केली. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश त्याच खटाटोपातून निघाला. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव आणि वाकनिसाचा मंत्री. दत्ताजी त्रिंबक हे वाकनीस मंत्री झाले, अण्णाजी दत्तो सचिव. कामंही नेमून दिलेली होती. मंत्र्याकडे राजकारणाची खलबतं, आमंत्रण-निमंत्रण आणि वाकनिशी. सचिवाकडे राजपत्रातलं अधिकउणं अक्षर तपासून मजकूर शुद्ध करणं. मंत्री आणि सचिव हे शब्द संस्कृतात त्याआधी हजारो वर्षं आहेत, हे मला ठाऊक आहे. पण मराठी राज्यकारभारात ते नेमकी पदं म्हणून बसले ते या फेरबदलाने. आणि आपल्याकडे काय झालं पाहा: नरिमन पॉइंटजवळच्या सरकारी इमारतीचं नाव आधी सचिवालय होतं, नंतर मंत्रालय झालं. म्हणजे पाटी सुरनिसाची होती, ती वाकनिसाची झाली! हिंदीवाले ‘प्रधानमंत्री’ म्हणतात आणि आपण मात्र ‘पंतप्रधान’, तेही पेशव्यांचंच बिरुद. लंडनमध्ये निवडणूक झाली तरी मराठी वर्तमानपत्र तिथल्या नेत्याला पंत करूनच सोडतं. मध्ययुगाचा आधुनिक जगावर प्रभाव काय, असा प्रश्न परीक्षेत आला तर खुशाल इथून सुरुवात करा.

‘नीस’चा विषय निघालाच आहे तर फडणवीसही उरकून टाकू. हॉब्सन-जॉब्सन या यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या इंग्रजी कोशाने नाना फडणवीसांच्या पदाचं मूळ ‘फर्दनवीस’ दिलं, फर्द म्हणजे हिशेबाचा सुटा कागद, आणि तेव्हापासून पुष्कळजण तेच गिरवत आहेत. मला हे मुळीच पटत नाही. पुण्याच्या हुजूर दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य कचेरीत, ‘फड’ नावाचा स्वतंत्र विभागच होता. फड म्हणजे जिथे माणसं बसून काम करतात ती जागा: तमाशाचा फड, उसाचा फड, कुस्तीचा फड. त्या फडावरचा लिहिणारा तो फडनवीस, पुढे फडणवीस, फडणीस. देशी शब्दाला फारसी ‘नवीस’ कसा लागेल, असा आक्षेप घेतात. मग ‘चिटणीस’ कसा झाला? चिठ्ठी कुठे फारसी आहे? शिवाय ‘फर्द’ हा शब्द मराठी कागदपत्रांत फर्द म्हणूनच टिकला. मग एका याच शब्दात त्यातला र नाहीसा होऊन द चा ड झाला, हे कशाच्या आधारावर मानायचं? यूल आणि बर्नेल यांची विद्वत्ता मोठी, पण फारसी साम्य दिसलं की त्यांचं समाधान होई. पुण्याच्या दफ्तरातला फड त्यांनी विचारात घेतलेला दिसत नाही.

पेशवाईतल्या अस्सल मोडी कागदात ‘फर्दनवीस’ हे रूप याच अधिकाऱ्यासाठी लिहिलेलं कुणाला सापडलं असेल तर जरूर कळवा. इंग्रजांनी नंतर केलेल्या नोंदी नकोत, कागद अस्सल हवा. आणि कालिन्याच्या ताई, तुमच्या प्रबंधिकेच्या शीर्षकात ‘मध्ययुगीन’ निर्धास्त ठेवा.